फिल्टर हलवायचा होता, धुवायचा नव्हता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन फुटी टँकमधले मासे चार फुटी टँकमध्ये हलवताना झालेला निष्काळजीपणा आणि शिफ्टिंगचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात ठाण्याच्या आमच्या घरासाठी मी तुमच्याकडून चार बाय दीड बाय दीड फुटांचा टँक, लोखंडी स्टँड आणि कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा, डब्यासारखा) घेतला. टँकबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. सिलिकॉनचे जोड स्वच्छ आहेत, अडीचशे लिटर पाणी भरूनही एक थेंब गळलेला नाही. माझी तक्रार बिलातल्या एकाच ओळीबद्दल आहे: ‘मासे व फिल्टर शिफ्टिंग, 3,500 रुपये’.

जुना टँक दोन बाय एक बाय एकचा, म्हणजे जेमतेम छप्पन्न लिटरचा. त्यात पाच एंजल, आठ निऑन टेट्रा आणि दोन कोरी मासे होते. एंजल चार वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधून आणले तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते. आता एकेक तळहाताएवढा. दीड खोलीत दोन बिऱ्हाडं राहावीत तसं चाललं होतं, म्हणून तर मोठा टँक घेतला. मासे हलवणं काही अवघड नाही, जाळी आणि बादली असली की मीही हलवले असते. तुम्हाला पैसे दिले ते चालू फिल्टर नीट नव्या टँकवर जावा म्हणून. ऑर्डर देताना मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहिलं होतं: ‘जुन्या फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा धुवायच्या नाहीत. जुन्या टँकच्याच पाण्यात ओल्या ठेवून कॅनिस्टरमध्ये टाकायच्या.’ त्यावर तुमचं उत्तर आलं, ‘नोटेड मॅडम’, आणि पुढे अंगठा.

शनिवारी तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा आला. वेळेवर आला, वागायलाही चांगला. मला ऑफिसचा फोन आला म्हणून मी वीस मिनिटं आतल्या खोलीत गेले. बाहेर येते तो बाथरूमचा नळ पूर्ण सोडलेला, आणि हा उकिडवा बसून स्पंज पिळतोय. मोरीकडे चहाच्या रंगाचं पाणी चाललेलं. रिंगा शेजारच्या टबात, दुकानातून आणल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. खालची वाळूही धुऊन झाली होती. जुनं पाणी तर त्याआधीच गेलं होतं. “चकाचक करून दिलंय मॅडम,” तो म्हणाला. त्याच्या आवाजातला अभिमान खरा होता, म्हणूनच मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. तुमच्या कंपनीत कोणीतरी त्याला हेच शिकवलं असणार. मग त्याने ‘पॉलिसी आहे’ म्हणत जुना स्पंज आणि रिंगा कचऱ्याच्या पिशवीत भरल्या, कॅनिस्टरमध्ये नव्या घातल्या आणि त्यांचे 1,450 रुपये वेगळे लावले.

महोदय, तो तपकिरी गाळ म्हणजे नुसती घाण नव्हती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी असं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, रिंगांना, वाळूला चिकटून राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायला तुमचा मुलगा विसरला नाही, पण तोवर स्पंज नळाखाली धुऊन झाला होता. नव्या रिंगांवर पुन्हा वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक मोठा असून उपयोग काय?

त्यात तुमचं छापील कार्ड: ‘दिवसातून तीनदा खाणं द्या, पहिला महिना पाणी बदलू नका.’ चौथ्या दिवशी निऑन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. पाचव्या दिवशी सकाळी मी अमोनियाच्या टेस्ट किटची नळी खिडकीशी धरली. पिवळी राहायला हवी होती, ती कैरीच्या सालीसारखी हिरवी झाली. किटच्या रंगांच्या कार्डाशी रंग लावला तर 2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग अमोनिया, आणि इथे आकडा शून्यच हवा. जुन्या टँकचं पाणी काळानुसार आम्लधर्मी झालेलं होतं. ताजं पाणी तसं नाही, आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणजे दोन्हीकडून मार. रविवारपर्यंत तीन एंजल आणि पाच निऑन गेले. त्यात फिल्टरच्या पाइपवर अंडी घालणारी मादीही होती.

तुमच्या हेल्पलाइनवर तीनदा फोन केला. पहिल्यांदा ऐकलं, “मासे आधीच आजारी असतील.” दुसऱ्यांदा, “नवीन टँकमध्ये दोन-चार मासे जातातच.” तिसऱ्यांदा पाच मासे फुकट देण्याची तयारी दाखवलीत. विषारी पाण्यात आणखी पाच जीव सोडायचे, याला भरपाई म्हणतात हे मला नवीनच होतं.

उरलेले सात वाचले ते समोरच्या इमारतीतल्या काकांमुळे. त्यांनी स्वतःच्या चालू फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून, डब्यात टँकचं पाणी घालून आणून दिला. तो कॅनिस्टरमध्ये घातला, खाणं दोन दिवस बंद ठेवलं आणि नऊ दिवस रोज निम्मं पाणी बदललं. नऊ दिवस सव्वाशे लिटर पाणी बादल्यांनी उपसणं म्हणजे काय, ते माझ्या पाठीला विचारा.

मेलेल्या माशांचे पैसे मी मागत नाही. शिफ्टिंगचे 3,500 आणि न मागितलेल्या स्पंज-रिंगांचे 1,450, असे एकूण 4,950 रुपये परत करावेत. ते कार्ड तातडीने बदलावं आणि चालू फिल्टर कसा हलवायचा ते कामाला पाठवता त्या प्रत्येकाला शिकवावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन.

आणि हे पैसे त्या मुलाच्या पगारातून कापू नयेत. माझा मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, मी त्याला विचारलं होतं.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, टेस्ट किटचे पाच दिवसांचे फोटो.