चोपन्न पायऱ्यांची बाबागाडी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचे सहा बाबागाड्यांचे फोटो मिळाले. "यातली कुठली घेऊ ते एका ओळीत कळव," असं म्हणतोस. एका ओळीत कळवतो: एवढ्यात एकही घेऊ नकोस. का, ते सांगायला मात्र चार पानं लागतील, तेव्हा निवांत बसून वाच. निवांतपणा तुझ्याकडे अजून महिनाभर आहे.

तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे तू शेवटी कंसात लिहिलं आहेस. माझी नजर आधी तिथेच गेली, कारण आम्हीही असेच वर राहायचो. आमच्या दारापर्यंत चोपन्न पायऱ्या होत्या. बाळ होईपर्यंत हा आकडा मला माहीतही नव्हता. पहिली गाडी आम्ही घेतली ती दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ढकलून बघून. मोठी चाकं, जाड गादी, स्प्रिंगा, एका बोटाने वळणारी. वजन तेरा किलो. दुकानात गाडी कुणी उचलून बघत नाही रे, सगळे ढकलूनच बघतात. ती महाराणी घरी आली आणि पहिले चार महिने तिच्यावर फक्त दुपटी वाळली.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नावेतून पलीकडे न्यायचं कोडं आठवतं? वर राहणाऱ्याला ते रोज सोडवावं लागतं. बाळ, गाडी आणि पिशवी. बाळाला वर एकटं ठेवता येत नाही, खालीही ठेवता येत नाही. गाडी जिन्याखाली ठेवून द्यावी म्हटलं तर ती चोरीला जायची भीती, आणि त्याहून वाईट म्हणजे आग लागलीच तर सगळ्या इमारतीची बाहेर पडायची वाट ती अडवून बसणार. मग वाटतं, बाळासकट गाडीच उचलावी. मी एकदा उचलली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढचं चाक कठड्यात अडकलं, गाडी तिरकी झाली, आणि मला ना पुढे जाता येईना ना मागे. बाळ शांत झोपलेलं होतं. मी घरी येऊन दहा मिनिटं नुसता बसून होतो, हिला काही बोललोही नाही. तेव्हापासून ठरवलं: बाळ गाडीत असताना गाडी जिन्यावर न्यायची नाही, दोघांनी दोन बाजूंनी धरूनसुद्धा नाही. सरकत्या जिन्यालाही हाच नियम.

मग कोड्याचं उत्तर एकच उरतं. बाळ अंगावर बांधलेलं, पिशवी पाठीवर, मिटलेली गाडी एका हातात आणि दुसरा हात कठड्यावर. सगळं एका खेपेत. तुला गाडी निवडायची आहे ती या खेपेसाठी. सपाट रस्त्यावर काय, कुठलीही चालते.

आता वजनाचं बघ. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा उघड्या सांगाड्याचा असतो. वरचं छप्पर, पुढचा आडवा दांडा, गादी, पावसाचं आवरण हे त्यात धरलेलं असेलच असं नाही. आमची दुसरी गाडी कागदावर सहा किलो दोनशे ग्रॅमची होती. घरच्या वजनकाट्यावर मी तिला घेऊन उभा राहिलो, मग एकटा उभा राहिलो, वजाबाकी केली: साडेसात. त्यात बाळही थांबत नाही. जन्मतः तीन किलोचं असलेलं बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो साधारण तिप्पट. म्हणजे आज साडेसात अधिक तीन, आणि सहा महिन्यांनी साडेसात अधिक सात, शिवाय पिशवी. गाडी तीच राहते, ओझं वाढत जातं.

आणि हे ओझं कुणाच्या हाताला? तू दिवसभर कामावर असणार. बाळाला घेऊन खाली जायची वेळ जास्त करून वहिनींवर येणार. सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे, साधारण सहा, बाळापेक्षा जड काही उचलू नका असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. म्हणून गाडी उचलून बघायची ती वहिनींनी. तुझे दंड किती भरलेत हा प्रश्न इथे येतच नाही.

इथवर वाचून तू म्हणशील, मग सगळ्यात हलकी घेऊन मोकळं व्हावं. खरी मेख तिथेच आहे. हलकी गाडी ही मुळात बसणाऱ्या मुलांसाठी जन्माला आली. ओवेन मॅक्लारेन नावाचे एक ब्रिटिश विमान अभियंते होते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर लेक नातीला घेऊन परदेशातून आली, तिची अवजड गाडी बघून ते वैतागले, आणि १९६५ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन तीन किलोच्या आत. विमानाची चाकं पोटात दुमडून घेण्याची विद्या त्यांनी बाबागाडीला लावली, याचं मला फार कौतुक वाटतं. पण त्या गाडीत बसायला होतं ते दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. पाठ धरून बसणाऱ्या पोराला ते छान. नवजात बाळाला नाही.

कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कच्ची. अर्धवट बसत्या अवस्थेत डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. त्यात ते रडत नाही, गप्प पडून असतं, म्हणून धोका कळतही नाही. युरोपात बाबागाड्यांसाठी ई.एन. १८८८ नावाचं मानक आहे. त्यानुसार सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन निदान १५० अंशांपर्यंत उघडला पाहिजे. १८० म्हणजे पूर्ण सपाट. पहिल्या महिन्यांत जितकं सपाट तितकं बरं, असं मी म्हणेन. दुकानात गेलास की "मागे होते का" एवढंच विचारू नकोस, मागे करून दाखवायला सांग आणि बाजूने वाकून बघ. काही गाड्यांची पाठ मागे जाते पण बूड खोलगट राहतं, म्हणजे बाळ आडवं न होता पोटात दुमडतं.

"जन्मापासून वापरा" या शब्दांनाही भुलू नकोस. तुझ्या फोटोंतली तिसरी, ती राखाडी, नीट बघ: हे शब्द तिच्यासाठी खरे आहेत, पण वेगळं विकत घ्यायचा पाळणा तिच्यावर बसवला तरच. पाळणा धरला की तिचा हलकेपणा संपला. पाचवीवर मोटारीतली शिशुखुर्ची चढवता येते. ती मोटारीत उत्तम, पण तिच्यात बाळ अर्धं बसतंच. सलग दोन तासांपेक्षा जास्त नको आणि अगदी पहिल्या आठवड्यांत अर्ध्या तासाच्या आसपास पुरे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तिला फिरायची गाडी करून टाकू नकोस.

म्हणून माझं म्हणणं, आधी बाळ बांधायची झोळी किंवा कॅरियर घ्या, गाडी मागाहून. बाळ छातीशी उभं, चेहरा उघडा, खाली बघितलं की दिसेल असा, डोक्याचा मुका घेता येईल इतकं वर, हनुवटी आणि छातीत बोटभर जागा, गुडघे ढुंगणापेक्षा वर. बऱ्याच कॅरियरवर किमान वजन लिहिलेलं असतं, सव्वातीन-साडेतीन किलोच्या घरात. बाळ त्याहून लहान असेल किंवा आधीच जन्मलं तर डॉक्टरांना विचारूनच. जिना उतरताना स्वतःची पावलं दिसत नाहीत, म्हणून तो कठड्यावरचा हात. आम्हाला हे सुचेपर्यंत पाच महिने गेले होते. बाळ सहा महिन्यांचं होऊन टेकून बसायला लागलं की तीच सहा-सात किलोची गाडी डोळे झाकून घेता येते, आणि तोवर तुम्हाला कळलेलंही असतं की आपण खरोखर कुठे नि किती फिरतो. पाठ दुखत असेल, किंवा पहिल्या आठवड्यापासूनच लांब चालायचं असेल, तर मात्र पूर्ण सपाट होणारी हलकी गाडी शोध. अशा थोड्या असतात, पण असतात. तुझ्या सहांत दुसरी त्यातली दिसते.

घडीचं आता सविस्तर, कारण जिन्यावर जीव मेटाकुटीला येतो तो इथे. छत्रीघडी मिटली की लांब आणि बारीक होते. काखेत धरता येते, दाराआड उभी राहते, पण चाकांचा चिखल थेट तुझ्या विजारीला. चौकोनी घडी आखूड होते, पट्ट्याने खांद्याला लटकते, हात मोकळे राहतात. बदल्यात प्रत्येक पायरीला मांडीवर एक ठोसा. मी ठोसे पत्करले. अरुंद, वळणाच्या जिन्यावर लांब वस्तू भिंतीला खरडत जाते. तुझं वळण किती रुंद आहे ते जाण्याआधी मोजून घे आणि घडीची मापं त्याच्याशी ताडून बघ.

दुकानात एक नाटक कर. लिटरभर पाण्याच्या तीन बाटल्या एका पिशवीत घालून ने. झालं तीन किलोचं बाळ. ती डाव्या हाताने छातीशी धर आणि उजव्या हाताने गाडी मिट, उघड, पुन्हा मिट. विक्रेता दोन हातांनी आणि गुडघ्याने मिटून दाखवतो आणि "बघा, किती सोपं" म्हणतो. त्याच्याकडे बाळ नसतं. मिटल्यावर खटका आपोआप लागतो का, हेही बघ. आमच्या एका गाडीचा लागत नसे, आणि ती मधल्या टप्प्यावर फुलासारखी उमलायची.

बिजागऱ्यांवर झाकणं आहेत का बघ. २००९ मध्ये अमेरिकेत छत्रीघडीच्या दहा लाखांच्या आसपास गाड्यांसाठी बिजागरीची आवरणं वाटावी लागली होती, कारण उघडताना मुलांच्या बोटांची टोकं त्यात सापडून तुटली होती. जुनी गाडी कुणी देऊ केली तर जरूर घे, पण बिजागरी, ब्रेक आणि बाळाला बांधायचे पाचही पट्टे तपासून.

चाकं लहान असतील तर खाचखळग्यात अडतात. तिथे गाडी पाठमोरी फिरवून आपल्यामागे ओढायची. दांड्याला पिशवी अडकवायची नाही, हलकी गाडी क्षणात मागे कलंडते. ऊन लागतंय म्हणून वरून दुपटं टाकून सगळं बंद करायचं नाही, आत भट्टी होते. गाडीचा रंग कोणता, हे वहिनींना ठरवू दे. तुझी निवड मी शाळेपासून ओळखतो.

तेव्हा आधी पायऱ्या मोज, मग वळणाची रुंदी, मग दाराआडची जागा. हे तीन आकडे कळव, म्हणजे उरलेल्या पाच फोटोंवर फुल्या मारून पाठवतो. आमचं कॅरियर धुऊन, टाके नि बकला तपासून ठेवलं आहे. येत्या रविवारी घेऊन येतो. बांधायचं कसं ते तुला बाटल्यांवर शिकवीन, बाळ यायच्या आत दहा वेळा बांधून झालं पाहिजे.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, जिना सावकाश.

तुझाच,
चोपन्न पायऱ्यांवाला

ता.क. ती तेरा किलोची महाराणी शेवटी आम्ही तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिली. "अशी गाडी पाहिली नाही," म्हणतात, आणि खरंच म्हणतात. त्यांच्या दाराला एकच पायरी आहे.