प्रायमरीत मत आपलं द्यावं, शेजाऱ्याच्या मनातलं नव्हे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या अध्यक्षीय प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, बातम्या आपल्याकडच्या वृत्तपत्रांत येतात तेव्हा त्यांचा सगळा भर एका प्रश्नावर असतो: यांतला कोण नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत निवडून येईल? मी न्यू जर्सीत राहतो, इथला मतदार आहे आणि आपला अंक ऑनलाइन नियमित वाचतो. इथेही प्रत्येक प्रायमरीनंतर मतदार आपसांत याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. मला या प्रश्नाचीच काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रात तिकीटवाटपाच्या वेळी ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हे शब्द आपण सतत ऐकतो. तिथे तो हिशोब पक्षश्रेष्ठी करतात. एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला हे मतदाराला दुसऱ्या दिवशी कळतं आणि समोर आलेल्या नावांतून त्याला निवड करावी लागते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्याचा हक्क सामान्य मतदाराला आहे. न्यू जर्सीत तर कुठल्याच पक्षाकडे नोंद नसलेला मतदारही मतदान केंद्रावर पक्ष सांगून त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. एवढा मोठा हक्क हाती असताना मतदाराने स्वतःची पसंती बाजूला ठेवावी आणि श्रेष्ठींसारखा दुसऱ्यांच्या मतांचा अंदाज बांधत बसावं, हे मला पटत नाही.

हा अंदाज किती कच्चा असतो ते २००८ मध्ये दिसलं. २००७ च्या शरद ऋतूपर्यंत अनेक जनमत चाचण्यांत कृष्णवर्णीय डेमोक्रॅट मतदारांमध्येही हिलरी क्लिंटन बराक ओबामांच्या पुढे होत्या. ओबामा आवडत नव्हते असं नाही. गोरे लोक त्यांना मत देणारच नाहीत, मग आपलं मत वाया का घालवा, असं कितीतरी जण उघड बोलून दाखवत होते. मग ३ जानेवारी २००८ रोजी आयोवात कॉकस, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदारांच्या सभा, झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक गोरी वस्ती असलेल्या त्या राज्यात ओबामा पहिले आले आणि क्लिंटन तिसऱ्या. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात मतदान झालं तेव्हा डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांतल्या दर पाचांपैकी जवळपास चौघांनी ओबामांना मत दिलं आणि ओबामांनी तिथे एकूण ५५ टक्के मतं घेतली. गोऱ्यांच्या मनात काय आहे याचा जो अंदाज इतके महिने लोकांना अडवून धरत होता, तो आयोवाच्या गोऱ्यांनी एका रात्रीत खोटा ठरवला. आयोवाच्या मतदारांनीही ‘बाकीचे काय करतील’ असाच विचार केला असता तर? साउथ कॅरोलायनातल्या कितीतरी लोकांना मनातला उमेदवार निवडण्याचं धाडसच झालं नसतं.

या दोन मतदानांच्या मध्ये, ८ जानेवारीला, न्यू हॅम्पशायरची प्रायमरी झाली. बहुतेक सगळ्या चाचण्या ओबामांना आघाडी देत होत्या. प्रत्यक्षात क्लिंटन साधारण अडीच टक्क्यांनी जिंकल्या. व्यावसायिक चाचणीवाल्यांना दोन दिवसांनंतरचं सांगता आलं नाही, आणि आपण जेवणाच्या टेबलावर बसून दहा महिन्यांनंतरचं ओहायो कसं मत देईल ते ठामपणे सांगतो.

२००४ चा अनुभव याहून कडू आहे. जॉर्ज बुश यांना हरवायचंच, या एका जिद्दीने डेमोक्रॅट मतदारांनी हॉवर्ड डीन यांना मागे टाकून जॉन केरींना निवडलं. केरी व्हिएतनाममध्ये लढलेले, पदकं मिळवलेले. युद्धकाळात बुश यांच्यापुढे हाच माणूस टिकेल असं गणित होतं. विरोधी जाहिरातींनी नेमका त्यांच्या युद्धसेवेवरच हल्ला चढवला आणि नोव्हेंबरात ते हरले.

यावर लगेच सांगितलं जाईल की २०२० मध्ये हेच गणित बरोबर आलं, जो बायडेन निवडून आलेच की. ते खरं आहे, आणि त्या वेळी बायडेन यांना मत देणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण त्या फेब्रुवारीत काय बोललं जात होतं तेही आठवावं. आयोवात बायडेन चौथे आले, ११ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. ‘हाच एक जिंकू शकतो’ म्हणणारे लोक त्या रात्री ‘हा संपला’ म्हणत होते. २९ फेब्रुवारीला बायडेन यांनी साउथ कॅरोलायना जिंकल्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार दोन दिवसांत बाहेर पडले, आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं तेव्हा, बायडेन यांनी चौदापैकी दहा राज्यं घेतली. तीन आठवड्यांत ना त्यांची धोरणं बदलली होती ना त्यांचं वय. बदलला होता तो फक्त लोकांचा एकमेकांविषयीचा अंदाज. त्या धांदलीत टपालाने आधीच मत दिलेल्या कॅलिफोर्नियातल्या कित्येकांचं मत स्पर्धेतून बाहेर पडलेल्या उमेदवाराच्या नावावर गेलं.

त्याच हिवाळ्यात माझी सून डेमोक्रॅट उमेदवार एलिझाबेथ वॉरेन यांच्या बाजूने होती. बालसंगोपनाचा खर्च, शैक्षणिक कर्ज, सगळं तिने नीट वाचलं होतं. तरी म्हणाली, “बाबा, मी बायडेनना मत देणार. विस्कॉन्सिनमधले लोक बाईला मत देणार नाहीत.” निकाल ज्यावर फिरू शकतो अशा त्या विस्कॉन्सिनमध्ये ती कधी गेलेली नाही, तिथे तिच्या ओळखीचं कुणी नाही. तिला स्वतःला एक बाई अध्यक्ष म्हणून हवी होती, आणि न पाहिलेल्या माणसांच्या पूर्वग्रहाला मान देऊन ती आपली इच्छा मागे घेत होती. अशा हजारो सुना, सासवा आणि मुलगे एकाच वेळी असं करतात तेव्हा तो पूर्वग्रह मतपेटीत खरा होऊन बाहेर येतो. न्यू जर्सीची पाळी जुलैत आली. तोवर वॉरेन कधीच बाहेर पडल्या होत्या आणि तिला आपलं मत नोंदवायची संधीही उरली नव्हती.

डावपेचाचा विचार कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. रिपब्लिकन पक्षाच्या काही राज्यांत पहिल्या क्रमांकाला सगळे प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे लोक, मिळतात. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि राज्याचे सगळे ५० प्रतिनिधी मिळाले. मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ या प्रतिस्पर्ध्यांत बाकीची मतं वाटली जाताना त्यांच्या समर्थकांनी एकत्र यायचा विचार केला असता तर तो रास्तच होता. तिथे प्रश्न आजच्या मतमोजणीचा असतो, नोव्हेंबरच्या अंदाजाचा नाही. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र १५ टक्क्यांच्या वर गेलेल्या प्रत्येक उमेदवाराला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिलेलं मतही अधिवेशनापर्यंत पोचू शकतं.

पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२८ मध्ये आहे. अमेरिकेतले अनेक मराठी मतदार आपला अंक वाचतात, म्हणून एक विनंती. प्रायमरीच्या काळात कोण किती टक्क्यांनी पुढे, या चौकटीशेजारी उमेदवारांच्या भूमिकाही छापाव्यात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांसाठी प्रत्येक देशावर असलेली ७ टक्क्यांची मर्यादा कोण उठवणार, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाबद्दल कोण काय म्हणतो, आरोग्यविम्याचं काय, हे आमच्या घरांतले रोजचे प्रश्न आहेत. आणि प्रत्येक राज्यातली पक्षनोंदणीची मुदत आवर्जून द्यावी. २०१६ मध्ये न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला होती, पण आधीच नोंद असलेल्या मतदाराला पक्ष बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. ज्यांना ती वेळेत कळली नाही, ते एप्रिलमध्ये वाद घालू शकले, मत देऊ शकले नाहीत.

आपला,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी