ड्युटी नव्हती, आई

ती. आई-बाबांना,
सा. न.

हे फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आईने “झोप होते ना गं नीट?” असं विचारलं आणि माझा धीर गेला. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, आईच्या डोळ्यांना ताण नको.

आई, तुझ्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या वेळी मी आले नाही. हॉस्पिटलात ड्युटी आहे, बदली कोणी मिळत नाही, असं कळवलं होतं. ते खोटं होतं. रजा मिळाली होती. अर्जात कारणही मी ‘आईचे ऑपरेशन’ असंच लिहिलं होतं. आणि त्या रजेत मी गाण्याच्या बाईंकडच्या बैठकीत पाऊण तास गायले.

ऑपरेशन छोटं, डोळा बधिर करून, बाबा सोबत आहेत, ही सगळी समर्थनं तेव्हा मी स्वतःला देऊन ठेवली होती. नंतर कळलं की बाबांचा हात थरथरतो म्हणून तुझ्या डोळ्यात थेंब घालायला शेजारच्या काकू रोज चारदा येत होत्या. आणि तू त्यांना सांगत होतीस, लेकीला श्वास घ्यायची फुरसत नाही. तेही अभिमानाने.

आपल्या घरात ‘ड्युटी’ म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. ‘रियाज’ म्हटलं की तीन येतात: परीक्षा कधी, अभ्यास कुठवर आला, झोप किती झाली. मी याचा फायदा घ्यायला कधी शिकले ते माझं मलाच कळलं नाही. मोतीबिंदूची वेळ पहिली नव्हती. तुमच्या लग्नाच्या वाढदिवशी खरंच ड्युटी होती, पण दिवाळीच्या आधीच्या त्या शनिवारी नव्हती.

बाबा, तुमचं ते वाक्य मला पाठ आहे: “आधी डिग्री हातात घे, गाणं काय पळून जातंय?” पळून जातं, बाबा. पहिल्या वर्षी मी चार महिने तानपुरा गवसणीतून काढला नव्हता. तुम्ही विचारायचात तेव्हा “हो, चालू आहे” म्हणायचे (हे आणखी एक). चार महिन्यांनी पहाटे खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावायला बसले, तर मंद्रातला पंचमसुद्धा नीट लागेना. खाली जायला लागले की नुसती हवा यायची. षड्ज लागायचा, पण दोन श्वासांनंतर तो हलायला लागायचा, जिना उतरताना आईचा गुडघा हलतो तसा. तिथून पूर्वीच्या जागी यायला मला सात महिने लागले.

आणि तुम्ही दर वेळी डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण देता. आधी सर्जन झाले, मगच नट झाले, म्हणता. तसं नाही हो. ते मेडिकलला असल्यापासून नाटक करत होते, आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी चालू प्रॅक्टिस सोडून दिली. म्हणजे तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. घाबरू नका, मला प्रॅक्टिस सोडायची नाही. भूल देणं मला मनापासून आवडतं.

का, ते एकदा नीट सांगते. श्वासाची नळी घालायची असते तेव्हा पेशंटच्या डोक्याशी उभं राहायचं, उजवीकडून लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात बघायच्या यंत्राचं, पातं आत सरकवायचं, त्याने जीभ डावीकडे सारायची, आणि हळूच उचलायचं. मग समोर ते दिसतात: दोन पांढरे, ओलसर स्वरतंतू, उलट्या इंग्रजी व्हीसारखे. जेमतेम नखाएवढी लांबी. मी पांढरी सहाचा, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सा लावते तेव्हा माझे हेच तंतू सेकंदाला २२० वेळा एकमेकांवर आपटत असतात. हे अंकगणित माहीत असून पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी एक क्षण थांबले, आणि सर मागून म्हणाले, “दर्शन झालं असेल तर नळी घाला.”

म्हणून गाण्यामुळे मी चांगली डॉक्टर होतेय, असलं काही मी तुम्हाला पटवणार नाही. एकदा सरांना पटवायला गेले होते. बोटाला लावलेल्या यंत्राचा टुक-टुक आवाज असतो ना, रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्याचा स्वर उतरत जातो. मी म्हटलं, सर, मला स्क्रीनकडे न बघता कळतं, गाण्याचा कान आहे ना. सर म्हणाले, “सगळ्यांनाच कळतं. म्हणूनच तो तसा बनवलाय.”

उलट गाण्यामुळे नुकसान मात्र झालंय. एका रात्री दीड वाजेपर्यंत गात बसले आणि सकाळी आठला ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होते. औषध सिरिंजमध्ये भरून ठेवलं आणि लेबल लावायचं विसरले. आमच्या ट्रेमध्ये चार-पाच सिरिंज शेजारी-शेजारी असतात, आतलं बहुतेक पाण्यासारखं. सरांनी ती सिरिंज उचलली, प्रकाशात धरली, काही न बोलता टाकून दिली आणि मला नवीन भरायला लावली. पेशंटला काही झालं नाही. मला अजून ती सिरिंज दिसते. तेव्हापासून थिएटरच्या आदल्या रात्री दहानंतर तोंड बंद. चोवीस तासांच्या ड्युटीनंतरही गात नाही, कारण झोपेविना ओरडून गळा आठवडाभर बसतो, हेही अनुभवून झालंय. बाकी रोज पहाटे चाळीस मिनिटं, त्यात अर्धा वेळ नुसता खर्ज. ड्युटीरूममध्ये बोटांवर विलंबित एकताल मोजत पडते. सहकाऱ्यांना वाटतं मी रजा मोजतेय.

बाई म्हणतात, हे पुरेसं नाही. सर म्हणतात, हे जास्त होतंय. दोघांचंही खरं आहे, आणि दोघांनाही मी तुम्हाला मारल्या तशाच थापा मारत आलेय. तिकडे ‘ड्युटी’, इकडे ‘घरचं काम’. ते आता थांबवायचंय, सुरुवात तुमच्यापासून.

तर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाबांच्या गुडघ्याची तपासणी आहे, लक्षात आहे. मी येणार नाही. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदाच सव्वा तास एकटीने गायचंय. राग येईल, येऊ दे, पण या वेळी खरं कारण माहीत असून येऊ दे. त्याआधीच्या गुरुवारी येते, एक्स-रे आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून ठेवा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी लिहून देईन. आणि आई, थेंबांची बाटली उघडल्याची तारीख वर लिहिली आहेस का ते बघून ठेव.

रजेचा अर्ज कालच दिलाय. कारणाच्या रकान्यात ‘गायन’ लिहिलंय. सरांनी तो वाचून खिशात घातलाय, अजून काही बोललेले नाहीत.

तुमची,
मनू