आपली गल्ली ४६ फुटांना बंद होते

ती. आई-बाबा,
सा. न.

सांगलीतच विश्रामबागेतल्या दोन खोल्यांचं जुलै ते सप्टेंबरचं भाडं मी भरून टाकलंय. विचारलं नाही, कारण बाबा ‘बघू’ म्हणाले असते. पहिला मजला आहे, पण जिना रुंद आणि कठडा धरता येईल असा. कमोड आहे, फ्रिज आहे, पेपर दारात येतो. आई, देवांसाठी कोनाडाही आहे. घर सोडा असं मी म्हणत नाहीये, फक्त पुराचं पाणी चढतं तेवढे दिवस.

बाबा, आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे तुम्हाला पाठ आहे. आपला उंबरा ५३ ला, म्हणून तुम्ही ५० पर्यंत निर्धास्त असता. पण कोपऱ्यावरचा सखल भाग ४६ लाच बुडतो. घर कोरडं, वाट बंद. त्यानंतर नावेशिवाय गत नाही आणि आईचे गुडघे नावेत चढायचे नाहीत. म्हणून ४२ ला निघायचं. संध्याकाळी ४० असेल आणि चढतं असेल, तर अंधाराआधीच. सांगलीत ऊन पडलंय म्हणून थांबू नका. कोयनेतून सोडलेलं पाणी येत असतानाच हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली, की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. त्या पाण्याची रेघ चौकटीवर माझ्या दहाव्या वाढदिवसाच्या रेघेला टेकलीय, रोज दिसते तुम्हाला.

निघताना मेन स्विच बंद. इन्व्हर्टरची बॅटरी शेजारच्या मुलांकडून आजच माळ्यावर चढवून घ्या, तुम्ही हात लावायचा नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि साखळीनं बांधा. भरलेलं सिलिंडरसुद्धा तरंगतं, कारण तीसेक किलो वजनाच्या मानानं ते आकारानं मोठं असतं. संडासाच्या भांड्यावर आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पोती ठेवा. गटार तुंबलं की घाण दाराआधी तिथून वर येते.

विश्रामबागेतही पाणी भरून ठेवायचं. पूर आला की नदीकाठचे पंप बंद पडतात आणि नळ कोरडे होतात. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर, दोघांचे ७ दिवसांचे ५६, म्हणजे २० लिटरचे तीन जार. टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीनं निवळा, वरचं पाणी काढून मगच क्लोरीनचे थेंब घाला आणि अर्धा तास थांबा. गाळातच क्लोरीन संपून जातं. आई, वीज गेली तर इन्सुलिन घट्ट डब्यात घालून माठात ठेव. बर्फाला चिकटवू नकोस, गोठलं की वाया गेलं.

बाबा, एक काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. वही घेऊन गल्लीत फिरा. पक्की गच्ची कुणाची, ट्रॅक्टर कुणाकडे, अंथरुणाला खिळलेलं कोण, नर्स कोण, आणि हातपंप कुठे, तेही लिहा. मोटारीची बोअर विजेशिवाय निरुपयोगी. प्रत्येक घराच्या नावासमोर, त्याच्या उंबऱ्याला पाणी लागतं तो आयर्विनचा आकडा मांडा. सकाळी नऊच्या आत फिरा, टोपी घालून.

रागावला असाल तर रविवारी फोनवर रागवा. खोलीची किल्ली कुरिअरनं पाठवलीय.

तुमची,
मनू