कपाचे दार राज्यांच्या क्लबांना उघडा : केंद्रीय क्रीडा राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती रक्षाताई खडसे,
केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

7 डिसेंबर 2025 रोजी गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर सुपर कप या क्लब फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एफसी गोवा आणि ईस्ट बंगाल दोघांनाही गोल करता आला नाही, पेनल्टी शूटआउट 6-5 असे सुटले आणि गोव्याने कप राखला. राखला म्हणजे, हाच कप त्यांनी 3 मे रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरचा 3-0 पाडाव करून जिंकला होता. एका कॅलेंडर वर्षात एकाच कपाचे दोन हंगाम उरकले, आणि दोन्हींची पद्धत वेगळी. एप्रिलमध्ये पहिल्या सामन्यापासून बाद फेरी होती, ऑक्टोबरमध्ये चार-चार संघांचे चार गट. दोन्ही वेळा कागदावर संघ होते 16. देशातल्या बाकीच्या क्लबांना या कपात शिरायला वाट नव्हती. हे पत्र त्या वाटेसाठी आहे.

आपल्याकडे कपांची परंपरा लीगपेक्षा कितीतरी जुनी. ड्युरँड कप 1888 ला सिमल्यात सुरू झाला, रोव्हर्स कप 1891 ला मुंबईत, आयएफए शील्ड 1893 ला कोलकात्यात. सुरुवातीला हे सगळे गोऱ्या पलटणींचे खेळ. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. 1937 ला बंगळूर मुस्लिम्सने तो जिंकेपर्यंत एकाही भारतीय संघाचे नाव त्यावर कोरले गेले नव्हते. पुढे 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावरून तो उचलून नेला. 2000-01 नंतर रोव्हर्स बंद पडला, आणि मुंबईला अजून त्याचे फारसे वाईट वाटलेले दिसत नाही. संतोष ट्रॉफी 1941 पासून आहे, पण ती राज्यांच्या संघांची.

क्लबांचा खऱ्या अर्थाने राष्ट्रीय कप आला 1977 मध्ये. फेडरेशन कप. पहिला मान बंगळूरच्या आयटीआयने अंतिम सामन्यात मोहन बागानला 1-0 हरवून मिळवला. टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याचा संघ! 1978 आणि 1980 ला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल संयुक्त विजेते ठरले. 1990 आणि 1991 ला केरळ पोलीस जिंकले. 13 जुलै 1997 च्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 4-1 हरवले, बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखावर माणूस होता. त्या वर्षीचा कप मात्र गोव्याच्या साळगावकर क्लबाने नेला. महाराष्ट्राच्या वाट्याला तो 2003 आणि 2005 ला आला, महिंद्रा युनायटेडमुळे. तो संघ 2010 ला बंद झाला. फेडरेशन कपही 2017 ला कटकच्या अंतिम सामन्यानंतर थांबला आणि त्याच्या जागी 2018 ला सुपर कप आला.

इथून पुढे पद्धतीचा धागा तुटतो. 2018 ला थेट बाद फेरी. 2019 ला आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या अनेक क्लबांनी माघार घेतली. 2020 ते 2022 कप झालाच नाही. 2023 ला केरळमध्ये गट पाडले. 2024 ला भुवनेश्वरमध्ये पुन्हा गट, आणि तेही 9 ते 28 जानेवारी या काळात. राष्ट्रीय संघ त्याच दिवसांत कतारमध्ये आशियाई चषक खेळत होता, म्हणजे मोठ्या क्लबांचे मुख्य खेळाडू कपाबाहेर. 2025 चे वर सांगितलेच. सहा हंगामांत तीन वेळा घडी बदलली, तर कोणत्या महिन्यात संघ तयार ठेवायचा हे प्रशिक्षकाने कशावरून ठरवायचे?

गटांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून त्यांची बाजू नेहमी एकाच वाक्यात मांडली जाते : प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. आकडे पाहा. 16 संघांची बाद फेरी 15 सामन्यांत संपते. चार गट केले की गटांतच 24 सामने होतात, वर उपांत्य दोन आणि अंतिम एक, एकूण 27. हे 12 जादा सामने मिळाले तरी उपांत्य फेरीत जातो गटातला फक्त पहिला. पहिले दोन सामने हरलेल्या संघाचा तिसरा सामना बहुतेक वेळा निव्वळ हजेरीपुरता उरतो आणि प्रशिक्षक राखीव पोरे उतरवतो. शिवाय शेवटच्या दिवशी गटातले दोन्ही सामने एकाच वेळी सुरू करावे लागतात. नाहीतर 1982 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने हिहोनमध्ये जे केले, दोघांना सोयीचा गोल झाल्यावर वेळ काढत बसणे, त्याची पुनरावृत्ती कुठेही होऊ शकते. म्हणजे एकाच वेळी दोन मैदाने, दोन पंच-चमू, दोन रुग्णवाहिका. तीन सामन्यांची हमी हवी असेल तर ती लीगमध्ये द्यावी. कपात हरला तो घरी, हीच गंमत.

आता बाहेर राहिलेल्यांकडे वळू. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडतात तेव्हा पेठा रिकाम्या होतात. यांतल्या एखाद्या संघाने आपल्या मैदानावर सगळ्यांना हरवले तरी राष्ट्रीय कपाकडे नेणारी सरळ पायरी त्याच्यापुढे नाही.

इतर देशांनी ही पायरी कधीच बांधली. इंग्लंडच्या एफए कपाचा पहिला हंगाम 1871-72 चा, अवघ्या 15 क्लबांनी नाव नोंदवले होते. आज सातशेच्या वर क्लब ऑगस्टपासून खेळायला लागतात आणि प्रीमियर लीगवाले जानेवारीत, तिसऱ्या फेरीत उतरतात. जर्मनीत 64 संघ असतात आणि पहिल्या फेरीत हौशी क्लबाला घरचे मैदान मिळते. आपल्याला सर्वांत जवळचा नमुना जपानचा. तिथल्या सम्राट कपात 88 संघ : 47 प्रांतांचे 47 विजेते, एक मानांकित हौशी संघ आणि वरच्या दोन विभागांचे 40. पहिल्या फेरीत 48 खेळतात, 24 उरतात, 40 येऊन मिळतात, 64 होतात. पुढचे गणित शाळेतले पोरही करेल. 2022 ला दुसऱ्या विभागात अठराव्या क्रमांकावर राहिलेला वेंटफोरे कोफू हा कप जिंकला आणि पुढच्या वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. त्याचे स्वतःचे मैदान आशियाई निकषांत बसेना, म्हणून घरचे सामने त्याने टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर घेतले.

आपल्यासाठी आकडेमोड अशी. 28 राज्ये आणि 8 केंद्रशासित प्रदेश, प्रत्येकी एक लीग विजेता, म्हणजे 36. दुसऱ्या पायरीवरच्या राष्ट्रीय लीगचे 10 क्लब धरू आणि सर्वांत वरच्या इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) 14. एकूण 60.

पूर्वफेरीत 36 पैकी 20 संघ 10 सामने खेळतील, 16 ना पुढे चाल, म्हणजे न खेळता पुढची फेरी. उरले 26. त्यांना दुसऱ्या पायरीचे 10 मिळाले की 36, त्यांचे 18 सामने, उरले 18. त्यात आयएसएलचे 14 मिसळले की बरोबर 32. मग 16, 8, 4, 2 आणि 1 सामना. सगळे मिळून 59, कारण 60 पैकी 59 जणांना एकेकदा हरायचे आहे. एखाद्या राज्याची लीगच झाली नाही तर रचना कोसळत नाही : संघ 35 झाले तर पूर्वफेरीत 9 सामने आणि 17 ना पुढे चाल, उरतात 26 च. पुढे चाल चिठ्ठीने देऊ नये. ज्या राज्याच्या लीगमध्ये गेल्या हंगामात जास्त सामने झाले त्याला ती मिळावी. लीग चालवणाऱ्या राज्य संघटनेला एवढे बक्षीस पुरते.

बिघडते कुठे, तेही सांगतो. पहिली जागा म्हणजे नाव पाठवणे. लीग न घेता मर्जीतल्या क्लबाचे नाव पुढे करण्याची खोड मोडायची तर नियम साधा हवा : महासंघाच्या केंद्रीय नोंदणी यंत्रणेत ज्या क्लबाचे त्या हंगामातले किमान 10 लीग सामने खेळाडूंच्या यादीसह दिसतात तोच पात्र, आणि 31 जुलैनंतर नाव घेणार नाही.

दुसरी जागा घरचे मैदान. खालच्या पायरीवरच्या क्लबाला घरचा सामना दिला की मोठा क्लब पैसे पुढे करून तो आपल्याकडे ओढू पाहतो, आणि लहान क्लबाच्या खजिनदाराला ते पैसे मोहात पाडतात. म्हणून यजमानपद विकता येणार नाही असे लिहूनच ठेवावे. मैदान नापास झाले तर सामना त्याच राज्यातल्या जवळच्या मैदानावर. खर्च वजा जाता गेटवरचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे. नापास म्हणजे काय हेही ठरवायला हवे : 100 बाय 64 मीटरचे सपाट मैदान, कुंपण, कुलूप लागणाऱ्या दोन खोल्या आणि डिफिब्रिलेटरसह रुग्णवाहिका. प्रकाशझोताची अट उपांत्यपूर्व फेरीआधी घालू नये. ती घातली की निम्मी राज्ये मैदानाविना बाद होतील.

प्रकाशझोत नाही म्हटल्यावर घड्याळ आले, आणि इथे हमखास घोळ होतो. 90 मिनिटांचा खेळ, 15 मध्यंतर, वाया गेलेल्या वेळेचे 10, मग 5 मिनिटे श्वास, 30 जादा वेळ, त्यातले आणखी 5, शूटआउट 15. म्हणजे 2 तास 50 मिनिटे. डिसेंबरात गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, कोल्हापुरात सहाच्या. गुवाहाटीचा सामना दीडला सुरू व्हायला हवा, कोल्हापूरचा तीनला चालेल. दिल्लीत बसून सगळीकडे साडेतीन असे छापले की ईशान्येत अकरावी पेनल्टी अंधारात मारावी लागते.

पहिल्या दोन फेऱ्या विभागवार घ्याव्यात, नाहीतर ऐझॉलचा क्लब पहिल्याच सामन्याला जैसलमेरला निघेल. बत्तीसच्या फेरीपासून चिठ्ठ्या एकाच भांड्यात. एका हंगामात कपात एका क्लबाकडून उतरलेला खेळाडू त्याच हंगामात दुसऱ्याकडून खेळणार नाही. पिवळी कार्डे उपांत्यपूर्व फेरीनंतर पुसावीत.

तिसरी जागा आशियाचे तिकीट, म्हणजे कप विजेत्याला मिळणारी आशियाई क्लब स्पर्धेच्या पात्रतेची संधी. या कपाला आज जी किंमत आहे ती त्यामुळेच. मेमध्ये जिंकलेल्या गोव्याने ऑगस्टमध्ये पात्रता सामन्यात ओमानच्या अल सीबला 2-1 हरवले आणि ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र फातोर्ड्यात येऊन खेळला. उद्या एखादा राज्य विजेता कप जिंकला आणि त्याच्याकडे आशियाई स्पर्धेत खेळायला लागणारा क्लब परवाना नसला तर? जागा उपविजेत्याला की लीगमधल्या पुढच्याला, हे हंगामाआधी छापलेले हवे. अंतिम सामना झाल्यावर हा प्रश्न निघाला की प्रकरण न्यायालयात जाते, आणि भारतीय फुटबॉलने न्यायालयाच्या पायऱ्या पुरेशा झिजवल्या आहेत.

सरकारने महासंघाचा कारभार हाती घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याला अकरा दिवस निलंबित केले होते, ते पुन्हा नको. पण प्रशिक्षण आणि स्पर्धांच्या वार्षिक कॅलेंडरासाठी आपले मंत्रालय महासंघाला निधी देते. त्या कॅलेंडरात या कपाची एक ओळ असावी : पूर्वफेरी ऑक्टोबरात, दुसरी फेरी डिसेंबरात, बत्तीसची जानेवारीत, अंतिम सामना एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, फिफाच्या आंतरराष्ट्रीय तारखा वगळून. तारीख चार वर्षांसाठी एकदाच ठरवावी.

दुसरी मागणी पैशाची, तीही फार मोठी नाही. पहिल्या दोन फेऱ्यांचे 28 सामने म्हणजे 28 पाहुणी पथके. 18 खेळाडू आणि 7 सोबतचे, असे 25 जणांचे पथक. 700 माणसांचे जाण्यायेण्याचे रेल्वे तिकीट आणि दोन रात्रींचा मुक्काम. हा खर्च क्लबावर टाकला तर पहिली माघार ऑक्टोबरातच येईल, आणि ती बहुधा सर्वांत लांबून येणाऱ्या संघाची असेल. पैसे महासंघाकडे एकरकमी न देता सामन्याचा अहवाल आल्यावर सात दिवसांत थेट क्लबाच्या खात्यात जावेत. अहवालावर पंचाची सही, दोन्ही कर्णधारांची सही आणि सामना सुरू झाल्याची वेळ एवढे असले की झाले.

आपले,
स्पर्धांची वेळापत्रके आणि नियमावल्या तयार करणारे काही जण