बागेची सदोष लागवड आणि देखभालीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लागवडीतील दोष दुरुस्त करून देणे आणि देखभाल शुल्क परत करणे

महोदय,

माझ्या घराभोवतीच्या बागेचं डिझाइन आणि लागवड तुमच्या कंपनीने केली. देखभालीचा वार्षिक करारही तुमच्याकडेच आहे. फोनवर सांगून झालं, सुपरवायझरला समोर उभं करून दाखवून झालं. उत्तर दर वेळी एकच: “पाणी कमी पडतंय, टायमर वाढवून देतो.” टायमर वाढवला की झाडं आणखी लवकर जातात. म्हणून आता लेखी तक्रार करते आहे, आणि उत्तरही लेखीच हवं आहे.

आधी जास्वंदीबद्दल. कुंपणालगतची रांग एकेक करून वाळली. तुमचा माळी यायचा, मेलेलं रोप उपटायचा, त्याच खड्ड्यात नवं खोचायचा आणि “रोप बदलले” या नोंदीवर माझी सही घ्यायचा. शेवटचं रोप मी त्याला उपटू दिलं नाही, स्वतः खणून काढलं. मुळांचा गोळा हाताला गुळगुळीत लागला, कारण नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी होती. तळाला जेमतेम एक चीर मारलेली. आत मुळं कडेकडेने फिरून दोरीच्या वेटोळ्यासारखी आवळून बसलेली, आणि खालची तर पार काळी. बोटात धरून ओढलं की साल सुटून हातात येत होती. वासही कुजकट. शेजारची रोपं उकरून पाहिली तर त्यांचीही तीच गत.

अशा पिशवीत साचलेलं पाणी बाहेर पडत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे बुडाशी चिखल असतानाही पानं माना टाकतात. तुमच्या लोकांनी फक्त पानं पाहिली आणि पाणी वाढवलं. मातीत बोट घालून बघण्याचे कष्ट एकालाही घ्यावेसे वाटले नाहीत. पिशवी ब्लेडने उभी कापून काढणं आणि वेटोळं घेतलेली मुळं मोकळी करणं हे लागवडीतलं अगदी पहिलं काम. ते वगळून लावलेल्या रोपाला मी तरी लागवड म्हणणार नाही.

आता मातीकडे येते. कोटेशनमध्ये “४५ सेंमी खोलीपर्यंत सुपीक माती व शेणखत” असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात लॉनचा गालिचा उचलला की वीतभर लाल माती, आणि तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, प्लास्टरचे पोपडे, सगळं रोलरने दाबून पक्कं केलेलं. पहार मारली तर ठणकन परत येते. मी तिथे ३० सेंमी खोल खड्डा घेतला, एकदा पाणी भरून जिरू दिलं आणि पुन्हा भरलं. निचरा बरा असलेल्या जमिनीत पाण्याची पातळी तासाला साधारण अडीच सेंमी तरी उतरते. इथे सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तसंच होतं. फोटो सोबत जोडले आहेत, खड्ड्यात मोजपट्टी उभी धरलेली दिसेल.

या राडारोड्याचा दुसरा परिणाम अनंताच्या झाडांवर झाला आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही. नेमकं तेच दिसतं आहे: शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यांच्यावरच्या शिरा मात्र हिरव्या. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती. तुमच्या सुपरवायझरने पिवळा रंग पाहिला आणि मूठभर युरिया टाकायला सांगितलं. त्यानंतर पानांच्या कडा करपल्या. बागेची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला हा फरक कळू नये, याचं मला जास्त वाईट वाटलं. माळ्याला मी दोष देत नाही. तो बिचारा खुरपं आणि कात्री घेऊन येतो, सांगितलं तेवढं करतो आणि पुढच्या साइटवर पळतो.

आंब्याच्या कलमाच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा ढीग रचला होता, तो मी बाजूला केला. आच्छादन खोडापासून चार बोटं लांब असावं, नाहीतर साल ओली राहून सडते. सुदैवाने झाड वाचलं आहे.

डिझाइनबद्दलची तक्रार याहून गंभीर आहे. नकाशात जमिनीचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे २ सेंमी दाखवला आहे. प्रत्यक्षात भराव भिंतीलाच टेकवला आहे आणि उतार घराकडे आहे. स्प्रिंकलरचं पाणी जोत्याशी थांबतं आणि आतल्या खोलीत भिंतीचा रंग फुगू लागला आहे. शिवाय सांडपाण्याच्या पाइपवर, भिंतीपासून हातभर अंतरावर, फायकस बेंजामिना लावला आहे. थ्रीडी चित्रात तो छान गोल, छाटलेला दिसतो. पण जमिनीत लावलेला फायकस मोठा वृक्ष होतो आणि त्याची मुळं ओलाव्याच्या मागे पाइपच्या सांध्यांत शिरतात. हे झाड आज मनगटाएवढं आहे तोवर हलवणं सोपं आहे.

माझी मागणी अशी. भिंतीलगतचा भराव ओलरोधक थराच्या बराच खाली उतरवून उतार नकाशाप्रमाणे करून द्यावा. हे काम सर्वांत आधी. फायकस काढावा. वाफ्यांतला आणि लॉनखालचा राडारोडा उपसून, करारात लिहिलेली माती लिहिलेल्या खोलीपर्यंत भरावी आणि ती भरताना मी हजर असेन. त्यानंतरच रोपं लावावीत, पिशव्या माझ्यासमोर काढून. “रोप बदलले” या नोंदींवर घेतलेल्या माझ्या सह्या म्हणजे कामाबद्दलची पसंती नव्हे, हेही नोंदवून घ्यावं. आजवरचं देखभाल शुल्क परत करावं, कारण त्या काळात झालेलं काम तुमचीच चूक झाकण्याचं होतं.

तोवर माळ्याला नवी रोपं देऊन पाठवू नये. टायमर मी बंद केला आहे.

पाहणीसाठी मातीतलं कळणारा माणूस पाठवावा, विक्री विभागातला नको. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हेच पत्र फोटोंसह ग्राहक न्यायालयात जोडेन. खणलेले खड्डे मी बुजवलेले नाहीत, पण पाऊस सुरू झाला की ते उघडे ठेवता येणार नाहीत. तेव्हा त्याआधीची तारीख कळवावी.

कळावे,
आपली करारधारक ग्राहक

सोबत: कोटेशनची प्रत, मंजूर नकाशा, फोटो, देखभाल नोंदींच्या प्रती