गवंडी सोमवारी येतोय

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "आईशी बोल" म्हणतात आणि आई आंब्याच्या मोहोरावर घसरते. म्हणून लिहायला बसले. आधी जे ठरून गेलंय तेच सांगते. पडवीच्या टोकाला, कोठीच्या खोलीला लागून, कमोडचा संडास बांधायचा. गवंडी सोमवारी येतोय, त्याला आगाऊ पैसेही दिलेत.

बाबा, रागावू नका. देवघराची आणि त्याची भिंत एक नाही, मध्ये अख्खी कोठी आहे. आजीच्या वेळी घरात संडास नव्हता हे खरं, पण तेव्हा वीजही नव्हती. मागीलदारचा पाडायचा नाहीये, दिवसा तुम्ही खुशाल तिकडेच जा. शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला घ्यायला सांगितलाय. खर्चाचं विचारू नका, दादाने आणि मी वाटून घेतलाय.

आणि हे सगळं तुमच्या त्या प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅप्सूलसाठी. ती तुम्ही बंद केलीत, हे आईने सांगितलं (आईवर चिडायचं नाही). "गुण नाही" म्हणालात. अहो, त्यात दोन औषधं आहेत. टॅमसुलोसिनने मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल पडतात. धार सुधारते ती त्याने, आणि सुधारली होती, हे तुम्हीच दादाला बोललात. ड्युटास्टेराइड वाढलेली ग्रंथी आकसवतं, पण त्याचा पुरता गुण यायला सहा महिने तरी लागतात. तुम्ही कलमाला सुद्धा याहून जास्त मुदत देता.

मात्र टॅमसुलोसिनने उठून उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, चक्कर येते. अर्धवट झोपेत, बॅटरी एका हातात, मागच्या चार पायऱ्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावरचं शेवाळ. मला इथे पुण्यात रात्री जाग आली की तेवढंच दिसतं. गोळी चालू ठेवायची तर वाट लहान करायला हवी, एवढाच हिशोब आहे. आतल्या संडासात भिंतीला धरायला दांडा असेल, दिव्याचं बटण पलंगापाशी, आणि पाणी गरम यावं म्हणून गिझरची पाइपही तिकडून घेतोय.

लहानपणी मला रात्री मागीलदारी न्यायचात ते आठवतं? दाराकडे पाठ करून उभे राहायचात आणि मी घाबरू नये म्हणून मोठ्यांदा एकोणतीसचा पाढा म्हणायचात. आतून मी चुकीचा आकडा ओरडायची. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात, आणि शेजारचा कुत्रा भुंकायला लागायचा. कधी कंटाळा केला नाहीत.

आता ऐका. कॅप्सूल उद्यापासून परस्पर सुरू करायची नाही. इतके दिवस खंड पडलाय, आधी डॉक्टरांना फोन करायचा. मग रोज रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने, अख्खी गिळायची, फोडायची नाही. वहिनी बाळंतपणाला तिकडे येतेय, तिला त्या डबीला हातही लावू देऊ नका, गर्भाला ते औषध चालत नाही. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं, मग उभं राहायचं. सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळी आणायची नाही, काहींनी लघवी अडते. अडलीच, पोट तटतटलं, तर सकाळची वाट न बघता दादाला उठवायचं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं नाव सांगायचंच. त्याने बाहुली ऑपरेशनमध्ये नीट मोठी राहत नाही. आधीच माहीत असलं की ते त्या तयारीने करतात. आठवडाभर गोळी बंद ठेवली म्हणून तो धोका जात नाही, तेव्हा असला उपाय मनाने करू नका. पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी कधी केलीत तर ड्युटास्टेराइड चालू आहे हेही बोला, त्याने तो आकडा निम्म्यावर येतो. पत्रकात आणखी एक दुष्परिणाम आहे, तो मी लेक म्हणून इथे लिहीत नाही. डॉक्टरांना एकटं विचारा.

शेजारच्या काकांना लघवी रात्रभर थांबवणारी गोळी लागू पडली, तीच मला द्या, असं तुम्ही म्हणालात. डॉक्टरांशी बोलले आणि नको म्हणून सांगितलं. डेस्मोप्रेसिन ते. पासष्टीनंतर त्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, माणूस बरळायला लागतो, झटकेही येतात. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहेच, तेही सोडियम उतरवतं. काका रक्त तपासून घेतायत का, ते तुम्हीच विचारा त्यांना.

तीन दिवस मापून लिहिलेल्या वहीत तुमची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लघवी रात्रीच होतेय. म्हणजे नुसत्या प्रोस्टेटच्या औषधाने रात्रीचं पाच वेळा उठणं एकदम शून्यावर येणार नाही, दोन-तीनवर आलं तरी मी पेढे वाटेन. पायांवरची सूज रात्री आडवं झाल्यावर उतरते आणि तेच पाणी मूत्राशयात येतं. म्हणून दुपारी तासभर लोडावर पाय वर ठेवून पडायचं. पेपर वाचा, पण पाय वर. संध्याकाळच्या पूजेनंतर चहा बंद. आई, हे तुझ्याकडे. जेवताना घोटभर पाणी चालेल, तहानलेलं ठेवू नकोस त्यांना. आणि त्यांच्या मागोमाग तू उठत जाऊ नकोस, तुझी शुगर अपुऱ्या झोपेने बिघडतेय.

लाद्यांचा रंग आईने ठरवावा. फक्त खरखरीत हव्यात, गवंडी गुळगुळीत खपवायला बघेल.

तुमची
बाळी